दोन पावसाळे जास्त

गेल्या शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा गुणवंतीची मूठ रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे तिच्या सुनेला कळलं. झालं ते एवढंच. पण काही बायकांना एवढंही पुरतं.

पूर्णगडच्या खालच्या वाडीत पालखीची ओटी भरायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. नारळ, तांदूळ, खण आणि वर ठेवायची नोट. ती नोट चाळीस वर्षं गुणवंतीच्या स्वतःच्या कमाईची असायची. पहाटे बंदरावर लिलावात म्हावरं उचलायचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि पावस, गोळप, जिथवर पाय नेतील तिथवर जायचं. भाव एकदा सांगितला की सांगितला. "परवडत नसला तर डाळ खा," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याचकडे येई, कारण तिचा बांगडा कधी शिळा निघाला नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जवाब दिला. पाटी चुलीमागे जाऊन पडली. आता तिच्यात कोंबडी अंडी घालते. तिचा नवरा रघू खलाशी होता. दम्यानं तोही होडीवरून उतरला आणि पडवीत बसून लोकांची जाळी सांधायला लागला. मुलगा संदेश मिरकरवाड्याच्या बोटीवर जातो आणि पैसे आणून बायकोच्या हातात देतो. ते रीतसरच होतं. गुणवंतीनंही रघूच्या आईच्या हातात कधी पैसे जाऊ दिले नव्हते.

तर शिमग्यात ढोल दाराशी आले, नारळ हातात आला, आणि गुणवंतीच्या लक्षात आलं की वर ठेवायला काही नाही. वेदिकानं, म्हणजे सुनेनं, पदराआडून एक नोट तिच्या मुठीत सरकवली. वाडीतल्या कोणाला दिसलं नाही. सून हळूच म्हणाली, "आई, ठेवा." बस्स. वेदिका वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. चांगल्या सुनेशी भांडायचं कशावरून?

त्या दिवसापासून गुणवंतीनं मिश्री सोडली. का सोडली ते कोणाला सांगितलं नाही. दातांना चांगली नसते म्हणाली. मिश्री आणायला कोणाला सांगावं लागतं, हे खरं कारण.

पावसाळ्यात बंदर बंद असतं तेव्हा बायका सुकट निवडायला एकत्र बसतात. तिथं तिच्या कानावर आलं की वरच्या वाडीतल्या दोघीतिघींना महिन्याला दीड हजार चालू झालेत. पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्या माणसांना सरकार देतं, थेट बँकेत. श्रावणबाळ म्हणतात. गुणवंतीनं सुकटीतला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "सरकारचं कोण खाईल." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पावसला गेली.

पावसला बाजाराच्या तोंडावर सेवा केंद्र आहे. तिथं भाविका नावाची मुलगी कॉम्प्युटरवर बसते, दाखले काढते, फॉर्म भरते, फोटोला "मान सरळ" म्हणते. गुणवंती आधी बाहेरच उभी राहिली. गर्दी सरल्यावर आत गेली.

"बाय, एक विचारायचं होतं. माझ्यासाठी नाय हां. शेजारीण हाय एक. तिला जमणार नाय यायला."

"विचारा मावशी."

"ते म्हातारपणाचं. काय काय लागतं?"

"वय पासष्ट पूर्ण पाहिजे. आधार कार्ड, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, तलाठ्याकडून उत्पन्नाचा, बँकेचं पुस्तक. शेजारणीचं आधार आणलंय?"

"आणलंय की." गुणवंतीनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं.

भाविकानं कार्डावरचा फोटो बघितला, मग समोरचं तोंड बघितलं. "शेजारीण तुमच्यासारखीच दिसते."

"एका वाडीतल्या आम्ही."

"हां. पण मावशी, शेजारणीला अजून चार वर्षं आहेत. एकसष्टच आहे."

"एकसष्ट? मेलं तुझं मशीन. सहासष्ट हाय मला."

भाविका हसली नाही, ही तिची चांगली गोष्ट. फक्त खुर्ची पुढे ओढून दिली.

हे एकसष्ट आलं कुठून, ते गुणवंतीला खुर्चीत बसता बसता आठवलं. बारा वर्षांपूर्वी शाळेत आधारचा कॅम्प होता. रांगेत रघू पुढे, ती मागे. रघूकडे शाळेचा दाखला होता, त्यानं टेचात दाखवला. मग यंत्रावरच्या पोरानं हिला विचारलं, "वय?" हिनं तोंड उघडायच्या आधी रघूच म्हणाला, "माझ्यापेक्षा तीन कमी लाव." पोरानं लावलं. गुणवंती गप्प राहिली. तिच्या आयुष्यात ती इतकी गप्प फार थोड्या वेळा राहिली असेल, आणि प्रत्येक वेळी त्याच कारणासाठी.

ते कारण असं. नाटे गावच्या धाकू आडिवरेकराला तीन मुली आणि शेवटचा मुलगा, बाळा. थोरलीला आई गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळावं लागलं, म्हणून तिचं लग्न लांबलं, तेविशीवर गेलं. त्या काळात तेवीस म्हणजे मुलगी निबर झाली. पूर्णगडचं स्थळ आलं तेव्हा मुलगा एकविसाचा होता. धाकूनं मुलाच्या बापाला सांगितलं, "पोर अठराची हाय." अंगानं लहानखुरी होती, खपून गेलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, गुणवंती, आणि जुनं नाव आणि जुनं वय दोन्ही त्या तांदळातच राहिलं. निघताना धाकूनं लेकीला एवढंच सांगितलं, "वयाचं तोंडातून काढू नको. नवऱ्यापेक्षा बायको मोठी म्हणजे त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात."

तिनं काढलं नाही. त्रेचाळीस वर्षं. आणि या त्रेचाळीस वर्षांत रघूची एक सवय होती. भांडणात तोंडानं तो हिला कधी पुरा पडला नाही. सगळे उपाय थकले की छाती पुढे काढून म्हणायचा, "मला शिकवू नको. तुझ्यापेक्षा तीन पावसाळे जास्त बघितलेत मी." की ही गप्प. बिचाऱ्याला वाटायचं आपण जिंकलो.

"शाळेत गेला होता का मावशी?" भाविकानं विचारलं. "शाळेचा दाखला असला तर आधारवरची जन्मतारीख सुधारता येते. मग पुढचं सोपं आहे."

"चौथी पास हाय मी," गुणवंती म्हणाली. हेही सासरी सांगितलेलं. वयातून पाच कमी केली तशी शाळेत दोन वाढवलेली.

नाट्याला, माहेरी, ती एकटीच गेली. घरी सांगितलं, भावाला, बाळाला, बरं नाही. बाळा अंगणात नारळ सोलत होता, खणखणीत. त्याला तिनं सांगितलं, "घरी कोणी विचारलं तर तुला ताप होता." बाळा म्हणाला, "किती होता ते पण सांग."

शाळेची इमारत नवी होती, कपाट जुनं. हेडमास्तर तरुण, चष्मा लावलेला. त्यानं कापडात बांधलेलं जाड रजिस्टर काढलं, पानं जपून उलटली. पानांना वाळवीनं कडेनं खाल्लं होतं पण अक्षर शाबूत होतं. अक्षर काय सुरेख असायचं त्या मास्तरांचं.

"नाव?"

"गुणवंती." मग थांबून म्हणाली, "नाय. चिमा. चिमा धाकू आडिवरेकर."

स्वतःच्या तोंडून ते नाव किती वर्षांनी निघालं कोण जाणे. चिमा म्हणणारी माणसं एकेक करून गेली. बाळा तर तिला ताईच म्हणतो.

हेडमास्तरांचं बोट एका ओळीवर थांबलं. "आडिवरेकर चिमा धाकू. जन्म अकरा मार्च एकोणीसशे सत्तावन्न. इयत्ता दुसरी. शाळा सोडण्याचं कारण, सतत गैरहजर."

"आई आजारी होती. गैरहजर काय? घरात हजर होती मी."

"हो आजी. मी फक्त वाचतोय. प्रगती, साधारण."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे बरी."

"मग बरी लिहा."

"जुन्या रजिस्टरात आहे तेच उतरवावं लागतं."

"आणि दुसरीच्या जागी चौथी?"

हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. गुणवंतीनं हात हलवला. "जाऊ दे. लिहा दुसरी. तेवढं सरकार वाचत नसेल."

दाखला घेऊन ती पुन्हा भाविकाकडे गेली तेव्हा तिला वाटलं होतं की काम झालं. भाविकानं दाखला वाचला, आधार वाचलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"मावशी, ह्या चिमा कोण?"

"मीच."

"ते मला कळलं. पण कागदाला कसं कळणार? ह्या चिमा आडिवरेकर, तुम्ही गुणवंती डोर्लेकर. दोन्ही एकच बाई असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल, तहसीलला. लग्नाची नोंद आहे का कुठे?"

"लग्न मांडवात झालं, कागदावर नाय झालं."

"मग ओळखणाऱ्याची सही लागेल. घरचाच माणूस बरा. तुमचे मिस्टर करतील की."

"मुलगा चालेल?"

"मुलगा तुमच्या लग्नाला होता का?"

गुणवंतीनं कागद गोळा केले. घरी आल्यावर ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सुकटीच्या डब्यात खाली दडवले. त्या डब्यात वेदिका हात घालत नाही, तिला वासानं मळमळतं.

महिनाभर ते कागद तिथंच राहिले. तिनं मनाशी सांगून बघितलं की चार वर्षं काय, आत्ता जातील. पण मग श्रावण संपला, गणपती आले, आणि नात मनस्वी आरतीचं ताट घेऊन घरभर फिरली. सगळ्यांनी ताटात काही ना काही टाकलं. गुणवंतीपुढे ताट आलं तेव्हा तिनं ओवाळणीच्या जागी फूल टाकलं. मनस्वी सात वर्षांची. ती म्हणाली, "आजी, फूल देवाला. मला पैसा." सगळे हसले. गुणवंतीही हसली आणि आत जाऊन उगाच भांडी घासायला बसली. गुडघे दुखत असताना खाली का बसली, ते कोणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी भांडण झालं. कशावरून, तर मागच्या दारच्या माडावर चढायला माणूस आत्ता बोलवायचा की नंतर. ती म्हणाली आत्ता. रघू म्हणाला नंतर. दोघांची बोलणी वाढली, आणि सगळं थकल्यावर रघूनं जाळ्याची सुई खाली ठेवली आणि छाती पुढे काढली.

"मला शिकवू नको. तुझ्यापेक्षा तीन पावसाळे..."

गुणवंती उठली. सुकटीचा डबा आणला. पिशवी काढून त्याच्यासमोर जाळ्यावर टाकली.

"वाचा."

"काय हाय?"

"वाचता येतं ना तुम्हांला? सातवीपर्यंत गेलात."

रघूनं चष्मा शोधला. पिशवीचा वास घेऊन नाक मुरडलं. वाचायला त्याला वेळ लागला. मग बोटांवर हिशेब करायला त्याहून जास्त वेळ लागला.

"म्हणजे तू माझ्यापेक्षा..."

"दोन वर्षांनी मोठी."

"आणि दुसरी नापास."

"नापास कुठे लिहिलंय? गैरहजर लिहिलंय."

तिनं त्याला सगळं सांगितलं, धाकूनं काय सांगितलं ते, आधारच्या रांगेतलं, भाविकाकडचं, आणि सही लागते ते. एका दमात सांगितलं, भाव सांगावा तसं. शेवटी म्हणाली, "सोमवारी रत्नागिरीला जायचंय."

रघूनं दाखल्याची घडी केली आणि परत पिशवीत घातली. "मी सही करणार नाय."

"का?"

"बंदरावर तोंड दाखवायचंय मला. गंगाराम बसलाय तिथं सकाळसंध्याकाळ. त्याला कळलं तर? थोरल्या बायकोचा रघू म्हणतील. माझ्या बापाला फसवलं तुझ्या बापानं."

"फसवलं ते खरं. परत पाठवता का आता?"

"तसं नाय म्हणत मी."

"मग कसं म्हणता? माझ्या पाटीचं चाळीस वर्षं खाल्लंत. तेव्हा नाय विचारलंत, पाटी थोरलीची की धाकटीची." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि घरातल्यांना ठाऊक होतं की तो खाली आला म्हणजे जास्त वाईट. "गेल्या शिमग्यात पालखीत नोट ठेवली ती सुनेची होती. तुम्ही शेजारी उभे होतात. दिसलं तुम्हांला. मिश्री सोडली, ते पण दिसलं. काय बोललात?"

रघूनं जाळं मांडीवर ओढलं. सुई उचलली, जाळ्यात घातली, पण घर चुकलं. पुन्हा काढली.

"माझी तंबाखू पण संदेश आणतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी त्याला आठवण करतो. विसरला तर दुसऱ्या दिवशी नाय करत."

आत वेदिका चहाचं आधण ठेवत होती. दोघांनाही माहीत होतं की तिला सगळं ऐकू जातं. त्या दिवशी चहात आलं जास्त पडलं होतं.

रविवार तसाच गेला. सोमवारी पहाटे गुणवंती उठली, नेसली, पिशवी घेतली. पडवी रिकामी होती. रघूचा बिछाना घडी करून ठेवलेला. तिला वाटलं, बंदरावर निघून गेला, टाळायला. मग वेदिका आतून आली, तिच्या हातात डबा होता, दोन भाकऱ्या आणि लसणीची चटणी. "आई, बाबा मघाशीच स्टॉपवर गेलेत. इस्त्रीचा शर्ट मागत होते. छत्री विसरले, ती न्या."

"तुला कोणी सांगितलं कुठे चाललोय ते?"

"कोणी नाय," वेदिका म्हणाली. मग जरा थांबून, "आई, मी फॉर्म भरून ठेवते. रेशन कार्डाची झेरॉक्स पण लागते."

गुणवंतीनं डबा घेतला. "झेरॉक्स दोन काढ," ती म्हणाली.

एसटीत कंडक्टरनं हिला बायकांचं अर्धं तिकीट दिलं, त्याला पूर्ण. रघूनं दोन्ही तिकिटं खिशात ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. गोळपच्या चढावर एकदाच म्हणाला, "गंगारामला काय सांगायचं?"

"सांगा, डोळे तपासायला गेलो होतो."

"आणि पेन्शन चालू झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा. तोवर त्याची बायको पण मोठी निघेल."

तहसीलच्या आवारात स्टँप विकणारे, टंकलेखन करणारे, सगळे आपापल्या छत्रीखाली. मजकूर टाईप करून झाला. आतल्या कारकुनानं कागद उलटसुलट बघितला.

"पतीचं नाव सांगा."

नवऱ्याचं नाव गुणवंतीनं कधी घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं तेवढंच, एकदा. तिनं हनुवटीनं दाखवलं. "हे काय उभे हायत. त्यांना विचारा."

"रघू बाबाजी डोर्लेकर," रघू म्हणाला.

"तर चिमा धाकू आडिवरेकर आणि गुणवंती रघू डोर्लेकर ही एकच व्यक्ती आहे. बरोबर? तुम्ही ओळखता यांना?"

रघूनं खाकरून घसा साफ केला. "गुणवंतीला त्रेचाळीस वर्षं ओळखतो. चिमाला शनिवारपासून."

कारकून हसला. शेजारच्या टेबलावरची बाई हसली. गुणवंती हसली नाही, पण तिनं पेन उघडून नवऱ्याच्या हातात दिलं. त्यानं सही केली, मोठी, पाल्हाळिक, शेवटी खाली रेघ ओढून. तिनं तिची केली. दुसरीपर्यंतची सही, पण एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

पुढचं काम सरकारी गतीनं झालं. आधारवरची तारीख बदलून यायला दिवाळी उजाडली. तलाठी दोनदा जागेवर नव्हता. बँकेनं अंगठा मागितला, गुणवंतीनं सही दिली आणि सहीच घ्यायला लावली. भाविकाला तिनं वाटेत मिळालेली ताजी मांदेली नेऊन दिली. भाविका म्हणाली, "मावशी, शेजारणीला सांगा, यादीत नाव लागलं." गुणवंती म्हणाली, "सांगते. तिला आनंद होईल."

गंगारामला कळायचं ते कळलंच. पूर्णगडात काय लपतं? चार दिवस त्यानं रघूला छळलं. पाचव्या दिवशी त्याची बायको सेवा केंद्रात कागद घेऊन गेली, मग तो गप्प झाला.

शिमगा आला. पालखी खालच्या वाडीत उतरली, ढोल दाराशी वाजले. गुणवंतीनं ओटी भरली, नारळ ठेवला आणि कमरेच्या पिशवीतून घडी न मोडलेली नोट काढून वर ठेवली. वेदिका पाठीमागे उभी होती. तिचा हात पदराआड गेला नाही. तिनं नुसते हात जोडले.

पालखी पुढच्या घराकडे गेल्यावर गुणवंतीनं मनस्वीला हाक मारली आणि तिच्या हातावर नाणं ठेवलं. "हे गणपतीचं राहिलेलं." मनस्वीनं विचार न करता घेतलं आणि पळाली. मग गुणवंतीनं तंबाखूची पुडी काढली. सकाळीच आणली होती. रघूच्या मांडीवर टाकली.

रघूनं पुडी उलटीपालटी करून बघितली. "मला कधी चालू होणार ते?"

"अजून पासष्ट झाली नाय तुम्हांला. एक पावसाळा थांबा."

"तोवर?"

"तोवर माझ्याकडे मागा," गुणवंती म्हणाली, आणि मिश्रीची डबी उघडून दाराच्या पायरीवर बसली.